सांभार राहू द्या, ‘राञ’ तेवढी बदला

पत्र

काका, नमस्कार.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते. वर्षभरापासून घरूनच पुडाच्या वड्या, म्हणजे सांभारवड्या, करून विकते. सगळ्या ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात. रोज सकाळी मजकूर मीच लिहिते आणि स्टेटसला, दोन-तीन ग्रुपवर टाकते. परवाचा मजकूर होता तसा देते:

‘आज सांभारवडी! गरमागरम तळून राहिली आहे, या लवकर. राञी ८ पर्यंत ऑर्डर दिली तर दुसर्या दिवशी घरा पर्यंत पोचवून मिळेल. महत्वाची सुचना : अर्धे पैसे आधी. वड्या संपल्या कि ऑर्डर बंद. काल ज्यांच पार्सल राहून गेल त्यांनी आज सांगावे.’

माझे चुलत सासरे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी याचा फोटो घेऊन लाल गोल काढले, एकूण ११, आणि घरच्या ग्रुपवर टाकला. ‘सांभार’ खोडून ‘कोथिंबीर’ केलं, ‘तळून राहिली आहे’चं ‘तळत आहे’ केलं. ‘पोचवून’सुद्धा सोडलं नाही. खाली लिहिलं, ‘सूनबाई, आधी शुध्द मराठी लिहायला शिका, मग धंदा करा.’ ग्रुपवर ४३ माणसं आहेत. दोघांनी त्यावर अंगठा दिला. तेव्हापासून लिहायला घेतलं की हातच चालत नाही. नवरा म्हणतो, इंग्रजीत टाकत जा, कोणी चुका काढत नाही. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं. काय करू?

– पुडाची वडीवाली, मानेवाडा

उत्तर

ताई,

तुमचं पत्र सकाळी साडेसातला वाचलं. चहाही झालेला नसताना सांभारवडीचं नाव काढणं हा म्हाताऱ्या माणसावर अन्याय आहे. असो.

आधी गोल मोजू. एका दैनिकात रात्रपाळीचा मुद्रितशोधक म्हणून माझी २२ वर्षं गेली, त्यामुळे लाल शाई दिसली की मोजायची खोड आहे. सासऱ्यांच्या ११ गोलांपैकी आठ बरोबर आहेत आणि तीन साफ चुकीचे. आठही आणि तीनही एकाच शाईनं रंगवले गेले, तिथे घोळ झाला. तुम्हाला वाटलं, आपलं मराठीच खोटं. त्या तिघांना आधी सोडवून घेतो, मग आठांकडे वळू.

सांभार. नागपुरातल्या कोणत्याही भाजीवाल्याला ‘एक जुडी सांभार द्या’ म्हणा, तो इडलीसोबतचं आणून देत नाही, हिरवी जुडी हातात ठेवतो. पुण्याहून आलेली नवी सून पहिल्या आठवड्यात फसते, दुसऱ्या आठवड्यात तीच ‘सांभार’ म्हणायला लागते. ‘सांभार’ लिहायचं की ‘सांबार’, यावर आमच्या गल्लीतच दोन तट आहेत आणि मी त्यात पडत नाही. पण तुमच्या जाहिरातीत ‘कोथिंबीरवडी’ लिहिलंत तर गिऱ्हाईक भलतंच समजेल. कोथिंबीरवडी म्हणजे पिठात कालवून उकडलेली, कापून तळलेली. तुमची पुडात गुंडाळलेली. शब्द बदलला तर पदार्थच बदलला. तो गोल पुसा.

‘तळून राहिली आहे’. आपल्याकडे माणूस येत नाही, येऊन राहतो. पाऊस पडून राहिला असतो, पोरगं झोपून राहिलं असतं आणि कोणी विचारतं, ‘काय करून राहिला बे?’ यात हिंदीच्या शेजाराचा हात आहे, हे दिसतंच. १९५६पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरीत, बाजारात दोन्ही भाषा मांडीला मांडी लावून बसल्या. त्यातून जे आलं ते आपलं झालं. आणि मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केला तो विदर्भातच, ऋद्धिपूरला. या भागातल्या माणसानं आपल्या बोलीत चार ओळी लिहिल्या म्हणून मराठीला काही होत नाही. फक्त उद्या बँकेत कर्जाचा अर्ज कराल तेव्हा ‘व्यवसाय करून राहिली आहे’ लिहू नका, तिथे ‘व्यवसाय करत आहे’ लिहा. लग्नाला जाताना साडी बदलतो, तेवढंच ते.

‘पोचवून’ आणि ‘पोहोचवून’ दोन्ही चालतात. पुढे.

आता आठ. यातली सर्वांत ठळक ‘राञी’. ती आधी बदला, कारण ती दुरूनही दिसते. च, छ, ज, झ आणि शेवटचा ञ: शाळेत याचा उच्चार करताना सगळा वर्ग नाकातून हसायचा, आठवतं? तो हा ञ. त्याचा ‘त्र’शी काही संबंध नाही, फक्त चेहरा थोडा मिळतो. मराठीत त्याचं स्वतंत्र काम जवळपास उरलेलंच नाही, म्हणून बिचारा ‘राञ’, ‘मिञ’, ‘छञी’ अशा ठिकाणी बदली कामगार म्हणून उभा राहतो. फोनवर त, मग पाय मोडायचं चिन्ह, मग र, अशा तीन कळा दाबल्या की ‘त्र’ होतो. अक्षर शोधत बसायचं नाही, तयार करायचं.

दुसरी ‘दुसर्या’. हिच्यामुळे माझी नोकरी जायची होती. मठातल्या एका कार्यक्रमाची बातमी होती, ‘आचार्यांच्या हस्ते सत्कार’. माझ्या नजरेखालून ती ‘आचाऱ्यांच्या हस्ते सत्कार’ होऊन गेली आणि पहाटे गावभर वाटली गेली. संस्कृतचे गाढे पंडित एका रात्रीत स्वयंपाकी झाले. दुपारी त्यांचाच फोन आला. मी शब्द जुळवत होतो, तोवर ते म्हणाले, ‘भात बरा झाला होता ना?’ आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून मला र दिसला की घाम फुटतो.

यातली खूण सोपी आहे. मूळ शब्दात पूर्ण र असेल तर पुढच्या रूपात तो डोक्यावर चढत नाही, य च्या डाव्या अंगाला आडवा लटकतो. दुसरा–दुसऱ्या, पांढरा–पांढऱ्या, सुरी–सुऱ्या, आचारी–आचाऱ्या. आचार्य, सूर्य, कार्य यांच्यात र मुळातच अर्धा आहे, म्हणून तो वर, रफार होऊन. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. बहुतेक फोनांत खाली टिंब असलेला वेगळा ‘ऱ’ सापडतो. तो, मग पायमोड, मग य.

‘घरा पर्यंत’ तोडू नका. पर्यंत, साठी, मध्ये, कडे, पासून, समोर ही मंडळी एकटी राहत नाहीत, आधीच्या शब्दाला चिकटून राहतात. घरापर्यंत, तुमच्यासाठी, मानेवाड्याकडे. ‘घरा’ एवढंच सुटं लिहिलं तर तो शब्द पाय उचलून उभा राहिल्यासारखा दिसतो. इंग्रजी नावांनाही हेच लागू: व्हॉट्सॲपवर, स्टेटसला.

‘महत्वाची’त एक त कमी पडला. मूळ शब्द ‘महत्’, त्याला ‘त्व’ लागलं, म्हणून महत्त्व. तत्त्व, सत्त्व, व्यक्तिमत्त्व हे याच घरातले. पण हे वाचून उत्साहात सगळीकडे दोन त पेरू नका. नेतृत्व, मातृत्व, अस्तित्व यांना एकच पुरतो, कारण त्यांच्या मूळ शब्दाच्या शेवटी त नाही.

‘संपल्या कि’मधला ‘कि’ हिंदीतून आला. आपला ‘की’ नेहमी दुसऱ्या वेलांटीचा. उलट ‘आणि’ पहिल्या वेलांटीचा, आणि लोक नेमका तोच ‘आणी’ लिहितात.

‘ज्यांच पार्सल राहून गेल’. या दोन गोलांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण फोनवरच्या मराठीत सर्वांत जास्त सांडतं ते हे टिंब. अस केल, तस झाल, माझ ऐकल, आईन सांगितल. लिहिणाऱ्याच्या कानात शब्द बरोबर वाजत असतो, टिंब तेवढं हाताखालून निसटतं. वाचणारा मात्र क्षणभर अडखळतो, कारण ‘तिच’ म्हणजे ‘तिचं’ की ‘तीच’, हे त्याला ठरवावं लागतं. ‘तिचं पार्सल’ आणि ‘तीच पार्सल घेऊन गेली’ यांत एका डब्याचा फरक आहे.

ओळखायचं कसं? तोच शब्द पुस्तकी मराठीत म्हणून बघा. शेवटी ‘ए’ आला तर बोलीत तिथे टिंब. गेले–गेलं, ज्यांचे पार्सल–ज्यांचं पार्सल, असे–असं, आईने–आईनं. एक सावधगिरी: ‘पाहुणे आले’, ‘पैसे मिळाले’ यांतला ‘ए’ अनेकवचनाचा आहे, तो बोलतानाही ‘ए’च राहतो. म्हणजे काम झालं, पार्सल गेलं, पण पैसे मिळाले. पैसे मिळालं असं तुम्ही तोंडानं कधी म्हणत नाही, त्यामुळे तिथे चुकणारही नाही. कान तयारच आहे तुमचा. आणि एकाच मजकुरात वर ‘गेलं’ व खाली ‘सांगावे’ आलं तरी वड्यांच्या जाहिरातीत त्याला कोणी हरकत घेऊ नये. सासऱ्यांनीही घेतली नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवतो.

राहिली ‘सुचना’. एखादी कल्पना सुचते तो ‘सु’ पहिला, पण ‘सूचना’ संस्कृतातून जशीच्या तशी आलेली, म्हणून तिचा उकार दुसरा. ही मात्र घोकायची, इलाज नाही.

पण पहिली-दुसरी वेलांटी सगळीच घोकायची, हा समज काढून टाका. त्यातला मोठा भाग तुमच्या स्वयंपाकघरात मांडलेला आहे. डबे काढा बरं: पीठ, मीठ, तूप, दूध, तीळ, गूळ, मूग. सगळ्यांत दुसरी वेलांटी, दुसरा उकार. आता हे डबे उघडून वापरायला घ्या: पिठात, मिठाचा, तुपात, दुधाची, तिळाचा, गुळाची, मुगाचं. सगळे पहिले झाले. शब्द झाकण लावून बसला असला की लांब, प्रत्यय लागला की आखडतो. चूल पेटते, वडी चुलीवर तळते. जिभेचंही तसंच, जीभ एकटी असली तर लांब.

आपल्या गावाचं नावही याच नियमात बसतं. ‘नागपूर’ मराठीत दुसऱ्या उकाराचं. हिंदीवाले ‘नागपुर’ लिहितात आणि ते त्यांच्या भाषेत बरोबर आहेत. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा असा मराठीत नियमच आहे आणि त्या नियमाच्या उदाहरणांत नागपूर हजर आहे. पण प्रत्यय लागला की ‘नागपुरात’, आणि संत्रं ‘नागपुरी’. संस्कृतातून सरळ आलेले शब्द या आखडण्यातून सुटतात: परीक्षा–परीक्षेला, शरीर–शरीराला. त्यांना सोवळं असतं, म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

शेवटच्या अक्षराचं तर याहून सोपं. शब्दाच्या शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर डोळे मिटून दुसरा द्या: गती, कवी, गुरू, वस्तू, सुरू. ‘दुकान सुरु’ असं पाटीवर दिसलं तर ते दुकान पूर्ण उघडलेलं नाही असं मी समजतो. अपवाद थोडे: आणि, नि, परंतु, तथापि असे. जोडशब्दात मात्र तो मूळचा ऱ्हस्व परत येतो: गुरू पण गुरुवार, कवी पण कविसंमेलन, मंत्री पण मंत्रिमंडळ. शेवटच्या शब्दाची तुम्हाला गरज पडणार नाही, मंत्रिमंडळाची ऑर्डर आली तर कळवा.

हे नियम पुण्यातल्या कोणी आपल्यावर लादलेत, असं आपल्याकडे बोललं जातं. ते तसं नाही. मराठी साहित्य महामंडळानं ते ठरवले, आणि सीताबर्डीवर ज्याची वास्तू आहे तो आपला १९२३चा विदर्भ साहित्य संघ त्या महामंडळाचा घटक आहे. सरकारनं १४ नियम १९६२ साली स्वीकारले, १९७२ साली आणखी चार जोडले, एकूण १८. त्याआधी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ असं उच्चारात नसलेल्या टिंबांसकट लिहायचे. तुमचे सासरे पंच्याहत्तरीचे असतील, तर पहिलीच्या पाटीवर त्यांनी ‘नांव’च गिरवलं असणार, आणि पुढे कोणीतरी त्यांचंही टिंब पुसलं असणार. हे मी त्यांना टोमणा म्हणून सांगत नाही. ज्या माणसानं एकदा सगळं लिहिणं बदलून घेतलं, त्याला चुकीचा राग जास्त येतो. मलाही येतो. हॉटेलात मेन्यू हातात आला की मी आधी दुरुस्त करतो, मग मागवतो; घरचे माझ्याबरोबर जेवायला यायला तयार नसतात.

आता रोजचं काम. तुमच्या मजकुरातली तीन चतुर्थांश वाक्यं रोज तीच आहेत. ती एकदाच बिनचूक करून ठेवा. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर त्यात ठरलेली उत्तरं साठवून ठेवायची सोय आहे. नसाल तर फोनच्या टिपणवहीत ठेवा आणि तिथून उचला. रोज फक्त पदार्थ आणि वेळ बदलायची. ग्रुपवर पाठवल्यावर चूक दिसली तर १५ मिनिटांपर्यंत तो संदेश दुरुस्त करता येतो, पुसून पुन्हा टाकायची गरज नाही. आणि पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा, पण आधी आकडे वाचा. आम्ही छापखान्यात तेच करायचो: आधी तारीख, वार, वेळ, किंमत, मग वेलांट्या. ‘राञी’ वाचून लोक हसतील, पण ८ च्या जागी ९ पडलं तर तुमच्या दारात भांडण उभं राहील. गेल्या दिवाळीत आमच्या ओळखीच्या एका बाईंनी चिवड्याचा भाव किलोऐवजी अर्ध्या किलोचा टाकला. शुद्धलेखन निर्दोष होतं. तोटा झाला तो झालाच.

इंग्रजीचं म्हणाल, तर यजमानांना सांगा, इंग्रजीतही चुका काढणारे असतात, ते फक्त तुमच्या ग्रुपवर नाहीत. सांभारवडी मागवणारं गिऱ्हाईक ‘गरमागरम तळून राहिली आहे’ वाचून उठतं. ते वाक्य इंग्रजीत टाकून बघा, तेल थंड होईल.

बाहेरच्या कोणी चूक दाखवली तर ‘धन्यवाद, दुरुस्त केलं’, एवढं लिहून मोकळं व्हा. वाद घालायला वेळ कुठे आहे? घरच्या माणसाचं तसं करून भागत नाही. चारचौघांत सुनेची वही तपासणं मला आवडलं नाही, हे त्यांनी हे सदर वाचलं तर त्यांनाही कळेल. तरी त्यांच्याशी भांडू नका. एक करा: उद्याचा मजकूर सकाळी आधी त्यांना एकट्यांना पाठवा. ‘काका, टाकण्याआधी एकदा नजर घाला. सांभार आणि तळून राहिली तेवढं राहू द्या, ते माझं आहे.’ निवृत्त शिक्षकाला सकाळी तपासायला काहीतरी मिळालं की तो ग्रुपवर फिरकत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. महिन्याकाठी चार वड्या त्यांच्या घरी पोचवा. पोहोचवा म्हटलं तरी चालेल.

आणखी एक. त्यांचं वाक्य तुम्ही पत्रात जसंच्या तसं उतरवलंत, ते मी तीनदा वाचलं. ‘आधी शुध्द मराठी लिहायला शिका.’ त्यातल्या ‘शुध्द’मध्ये ध आधी आलाय आणि द मागून. सावकाश म्हणून बघा: शुद्-ध. आधी द, त्याच्या पोटात ध, शुद्ध. मिठाईच्या दुकानांवर ‘शुध्द तुपातील’ अशी पाटी दिसते तीच ही चूक. म्हणजे गोल ११ नव्हेत, १२ हवे होते.

हे त्यांना सांगायचं असेल तर वड्या द्यायला जाल तेव्हा सांगा, दोघंच असताना. ग्रुपवर टाकू नका.